पाळीव कुत्र्यांमधील जंत

पाळीव कुत्र्यांमधील जंत म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात, तसेच काही प्रकारांत अन्ननलिकेच्या भिंतीत, हृदयात किंवा त्वचेखाली राहून त्याच्या शरीरावर जगणारे परजीवी कृमी होत. गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी व पट्टकृमी हे त्यांचे मुख्य गट आहेत. मोठ्या कुत्र्याला जंतांचा त्रास बऱ्याचदा जाणवतही नाही; लहान पिल्लांना मात्र तो जीवघेणा ठरू शकतो. यांपैकी काही जंत माणसालाही बाधतात, त्यामुळे हा विषय पशुवैद्यकाइतकाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

या लेखात जंतांची ओळख, उपचार व प्रतिबंध यांचा विचार प्रामुख्याने मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

प्रदेश आणि कुत्रे पाळण्याची रीत

नांदेड व लातूर भागात कुत्रा पाळण्याच्या दोन निरनिराळ्या रीती आढळतात. शहरांतील घरांत लॅब्रेडॉर, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड अशा जातींची कुत्री दाराआड वाढतात. खेड्यांत आणि शेतातील आखाड्यांवर राखणीचे गावठी कुत्रे असते. ते दिवसा कोठेही फिरते, मिळेल ते खाते आणि रात्री गोठ्याजवळ बसते. शिकारी बांध्याची कारवान व पश्मी ही दख्खनची कुत्री या भागात हौसेने पाळली जातात. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांबरोबर श्वानांचेही प्रदर्शन भरते. खंडोबाच्या उपासनेत कुत्र्याला मान असल्यामुळे येथील ग्रामीण समाजात त्याला अस्पर्श मानण्याची वृत्ती तुलनेने कमी आहे.

मोकळे फिरणारे कुत्रे जंतांच्या दृष्टीने अधिक धोक्यात असते, हे उघड आहे. पण बंद घरातील कुत्रेही सुरक्षित नसते; कारण गोलकृमी बहुतेक वेळा बाहेरून येत नाहीत, ते आईकडूनच पिल्लाकडे येतात.

जंतांचे प्रकार

गोलकृमी. टॉक्सोकॅरा कॅनिस हा या गटातील सर्वांत महत्त्वाचा जंत होय. तो पांढुरका, शेवयांसारखा दिसतो आणि सुमारे १० ते १८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो. पिल्लाच्या उलटीत किंवा शीत वेटोळे घातलेले जे जंत दिसतात ते बहुधा हेच. त्याची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते. मोठ्या कुत्रीच्या शरीरात या जंताच्या अळ्या स्नायूंत व इतर ऊतींत सुप्तावस्थेत दडून राहतात. कुत्री गाभण राहिली, की गर्भारपणाच्या सुमारे सहाव्या आठवड्यानंतर त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या शरीरात शिरतात. जन्मानंतर दुधातूनही काही अळ्या जातात. त्यामुळे तीन ते चार आठवड्यांच्या, अजून अंगण न पाहिलेल्या पिल्लाच्या पोटातही पूर्ण वाढलेले जंत असू शकतात. ‘आमचे पिल्लू बाहेर जातच नाही’ या समजुतीला येथे आधार उरत नाही.

अंकुशकृमी. अँकायलोस्टोमा वंशाचे हे जंत लांबीने एक ते दोन सेंटिमीटर, पण उपद्रवाने सर्वांत क्रूर. ते आतड्याच्या अस्तराला दातांनी चिकटून रक्त पितात, आणि जागा बदलली की आधीच्या जखमेतून रक्त झिरपत राहते. एक जंत दिवसाला सुमारे ०.१ मिलिलिटरपर्यंत रक्ताची हानी करतो. शंभर-दोनशे जंत असलेल्या छोट्या पिल्लाचा हिशेब यावरून करता येईल. अंकुशकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून पोटात जातात, दूषित अन्नपाण्यातून जातात आणि पंजांच्या मऊ त्वचेतून थेट शरीरातही घुसतात. ओलसर, सावलीची, भुसभुशीत जमीन त्यांना मानवते. मराठवाड्यातील चाळीस अंशांपलीकडच्या उन्हाळ्यात उघड्या, तापलेल्या जमिनीवर त्या टिकत नाहीत. जून ते सप्टेंबर या काळात मात्र, तसेच पाण्याच्या हौदाभोवती आणि गोठ्याच्या कडेला वर्षभर, त्यांना अनुकूल परिस्थिती असते.

चाबूककृमी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात राहतो. त्याची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि अंडे पोटात गेल्यापासून शीत नवी अंडी दिसेपर्यंत सुमारे तीन महिने जातात. म्हणून एकदा तपासणी कोरी आली तरी तो नाही असे म्हणता येत नाही.

पट्टकृमी. या गटात येथे तीन जंतांची दखल घ्यावी लागते. डिपिलिडियम कॅनिनम हा पिसवांमधून पसरतो. पिसवाची अळी जंताची अंडी खाते, तीच अळी पुढे पिसू बनते आणि कुत्रा अंग चावताना ते पिसू गिळतो. या जंताचे सुटे खंड काकडीच्या बीसारखे किंवा भाताच्या शितासारखे दिसतात. ताजे असताना ते गुदद्वाराभोवती वळवळतात आणि वाळल्यावर तिळासारखे होऊन अंथरुणाला चिकटतात. टीनिया वंशाचे पट्टकृमी शेळ्या-मेंढ्यांचे कच्चे अवयव खाल्ल्याने होतात. त्यांपैकी टीनिया मल्टिसेप्सची अंडी मेंढीच्या पोटात गेली, तर तिच्या मेंदूत पाण्याची पुटी वाढते. अशी मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरत राहते. मेलेल्या मेंढीचे डोके कळपाच्या कुत्र्यासमोर टाकले, की हे चक्र पुन्हा सुरू होते. तिसरा एकिनोकॉकस ग्रॅन्युलोसस. कुत्र्याला त्याचा त्रास जवळजवळ होत नाही, पण माणसाच्या दृष्टीने तो सर्वांत घातक आहे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

आतड्याबाहेरील जंत. स्पायरोसर्का ल्युपी हा जंत शेणकिड्यांमधून पसरतो आणि अन्ननलिकेच्या भिंतीत गाठी करतो. गुरांचे गोठे आणि उकिरडे असलेल्या भागात मोकळी फिरणारी कुत्री शेणकिडे, किंवा ते खाल्लेल्या पाली व कोंबड्यांची आतडी खातात. घास गिळताना त्रास होणे आणि खाल्लेले लगेच बाहेर येणे ही त्याची खूण आहे. हृदयातील व त्वचेखालील डायरोफायलेरिया जंत डासांमुळे होतात. शीच्या तपासणीत ते दिसत नाहीत, त्यासाठी रक्त तपासावे लागते.

लक्षणे

जंत झालेल्या पिल्लाचे पोट टम्म फुगलेले आणि बाकीचे अंग मात्र खंगलेले दिसते. केस राठ व निस्तेज होतात, भूक असूनही वजन वाढत नाही, अधूनमधून उलटी व जुलाब होतात. अळ्या फुप्फुसातून प्रवास करीत असताना खोकला येतो. अंकुशकृमींचा प्रादुर्भाव असल्यास शी काळपट, डांबरासारखी होते आणि हिरड्या फिकट पडतात.

हिरड्यांची ही खूण कारवान व पश्मी कुत्र्यांच्या बाबतीत विशेष उपयोगी आहे. या जातींचा बांधाच सडपातळ असतो, निरोगी कुत्र्याच्याही बरगड्या दिसतात. त्यामुळे रोडपणावरून जंतांचा अंदाज बांधणे फसवे ठरते. वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असावी. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा भरून यावी. हिरडी पांढुरकी दिसली, तर ते पिल्लू त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे. अशा अवस्थेत नुसती गोळी पुरत नाही, कधी रक्तही द्यावे लागते.

कुत्र्याने बूड जमिनीवर घासणे हे जंतांचे लक्षण म्हणून घरोघर सांगितले जाते. त्याचे कारण अनेकदा गुदद्वाराजवळील ग्रंथी तुंबणे हे असते. गोड खाल्ल्याने किंवा दूध-गूळ दिल्याने जंत होतात, हाही असाच एक दृढ समज. जंत अंड्यांतून किंवा अळ्यांतून येतात, गुळातून येत नाहीत. कुत्र्याला गोड देऊ नये याची कारणे वेगळी आहेत.

याहून गंभीर गैरसमज रक्ती जुलाबांविषयी आहे. दीड ते सहा महिन्यांच्या पिल्लाला एकाएकी उलट्या होऊन रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले, तर ‘जंत झाले असतील’ असे म्हणून घरी जंतांचे औषध पाजले जाते. हा आजार पुष्कळदा पार्व्हो विषाणूचा असतो. त्यात सलाईनसारखे उपचार तातडीने लागतात आणि एक-दोन दिवस वाया गेले तर पिल्लू वाचणे कठीण होते. शीत जंत दिसले तरी पार्व्हो नाही असे ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

निदान

जंत डोळ्यांना दिसले नाहीत म्हणजे ते नाहीत असे नव्हे. अंकुशकृमी व चाबूककृमी शीत सहसा दिसत नाहीत, एकिनोकॉकस तर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. शीचा ताजा नमुना मिठाच्या किंवा साखरेच्या संपृक्त द्रावणात मिसळतात. जंतांची अंडी हलकी असल्याने वर तरंगून येतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. नमुना स्वच्छ डबीत, त्याच दिवशी न्यावा. जमिनीवर पडून वाळलेल्या शीत मातीतील इतर अळ्या शिरतात व निदान चुकते. पट्टकृमीचे खंड दिसल्यास ते थोड्या पाण्यात घालून सोबत न्यावेत.

तीन आठवड्यांखालील पिल्लांत तपासणी कोरी आली तरी जंत वाढीच्या अवस्थेत असू शकतात. म्हणून पिल्लांना तपासणीची वाट न पाहता औषध देण्याचीच पद्धत आहे.

उपचार

एकच औषध सर्व जंतांवर चालत नाही. पायरँटेल हे गोलकृमी व अंकुशकृमींवर परिणाम करते आणि लहान पिल्लांनाही सोसवते. पट्टकृमींवर ते निरुपयोगी आहे. फेनबेंडाझोल सहसा सलग तीन दिवस देतात. ते गोलकृमी, अंकुशकृमी, चाबूककृमी व टीनियावर चालते, पण पिसवांमुळे होणाऱ्या डिपिलिडियमवर नाही. प्राझिक्वांटेल हे पट्टकृमींचे औषध असून एकिनोकॉकसवरही तेच वापरतात. बाजारात पायरँटेल, फेबँटेल व प्राझिक्वांटेल एकत्र असलेल्या गोळ्या मिळतात. त्यांपैकी अनेकांचे प्रमाण दर १० किलो वजनाला एक गोळी असे असते.

प्रमाण वजनावर ठरते, म्हणून वजन अंदाजाने धरू नये. कुत्र्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे आणि त्यातून स्वतःचे वजन वजा करावे; आखाड्यावर धान्याचा काटाही चालतो. कमी मात्रेने जंत मरत नाहीत. पिल्लांत जास्त मात्रेचा धोका आहेच. शिवाय पुष्कळ जंत एकदम मरून त्यांचा गोळा आतड्यात अडकण्याचीही शक्यता असते, म्हणून फार फुगलेल्या पोटाच्या पिल्लाला पहिले औषध डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावे.

औषध मुख्यतः आतड्यातील जंतांना मारते. ऊतींत दडलेल्या अळ्या वाचतात आणि काही दिवसांनी आतड्यात येतात. एकाच मात्रेवर न थांबता दोन आठवड्यांनी ती पुन्हा देण्याचे कारण हे आहे. पिल्लांना साधारणपणे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यात औषध देतात. त्यानंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा आणि पुढे दर तीन महिन्यांनी ते चालू ठेवतात. पिल्लांबरोबर आईलाही त्याच वेळी औषध दिले पाहिजे. केवळ पिल्लांना देऊन आईला वगळणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. गाभण कुत्रीला शेवटच्या तीन आठवड्यांत फेनबेंडाझोल देऊन पिल्लांकडे जाणाऱ्या अळ्या कमी करता येतात. हा उपचार डॉक्टरांनीच ठरवावा.

काही गोष्टी टाळणे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन गोठ्यात हाताशी असते आणि तेच कुत्र्याला टोचण्याचा मोह होतो. कुत्र्याला लागणारी मात्रा अगदी थोडी असल्याने या तीव्र द्रावणात ती सहज ओलांडली जाते. कोली व तिच्याशी नाते असलेल्या जातींत तर जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूपर्यंत पोहोचून प्राणावर बेतते. राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची गोळीही कुत्र्याला देऊ नये. कुत्र्यांत तिच्यामुळे अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होऊ शकतो. लसूण हा घरगुती उपाय म्हणून सुचवला जातो, परंतु लसूण व कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. अंकुशकृमींनी आधीच रक्त शोषलेल्या पिल्लाला लसूण भरवणे हा उपचार नसून दुसरा आजार आहे. सुपारीची गोष्ट थोडी वेगळी. तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य पूर्वी पशुवैद्यकात पट्टकृमी पाडण्यासाठी खरोखर वापरले जात असे. पण त्याने तीव्र जुलाब व झटके येत आणि सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले.

माणसाला होणारा संसर्ग

टॉक्सोकॅराची अंडी ताज्या शीत बाधक नसतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांत अळी तयार होते. त्यामुळे कुत्र्याला हात लावण्यापेक्षा महिनाभरापूर्वी जेथे त्याने शी केली होती त्या मातीत खेळणे अधिक धोक्याचे असते. माती खाणाऱ्या लहान मुलांच्या पोटात ही अंडी गेली, तर अळ्या यकृत, फुप्फुस किंवा डोळ्यापर्यंत पोहोचतात. डोळ्यातील संसर्गाने दृष्टी अधू होऊ शकते. अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीत शिरून लाल, नागमोडी, अतिशय खाजणाऱ्या रेषा उमटवतात. शाळेत मिळणारी गोळी माणसाच्या स्वतःच्या आतड्यातील जंतांसाठी असते. कुत्र्याकडून आलेल्या या अळ्यांपासून ती मुलाला वर्षभर सुरक्षित ठेवत नाही.

एकिनोकॉकसचे वर्तन याच्या उलट आहे. त्याची अंडी बाहेर पडतानाच बाधक असतात आणि कुत्र्याच्या केसांना चिकटून राहतात. अंगावरून हात फिरवून तोच हात तोंडात गेला, किंवा दूषित कच्ची भाजी खाल्ली, तरी संसर्ग होतो. माणसाच्या शरीरात, बहुधा यकृतात आणि त्याखालोखाल फुप्फुसात, पाण्याने भरलेली पुटी तयार होते. तिला हायडॅटिड पुटी म्हणतात. ती इतकी सावकाश वाढते, की बालपणी झालेला संसर्ग तिशी-चाळिशीत पोटदुखी म्हणून किंवा सोनोग्राफीत अचानक उघड होतो. पुटी फुटल्यास तीव्र ॲलर्जीने मृत्यूही ओढवू शकतो. उपचार म्हणजे महिनोन्‌महिने औषधे, सुईने द्रव काढणे किंवा शस्त्रक्रिया.

हे चक्र शेळी-मेंढी आणि कुत्रा यांच्यातील आहे. उस्मानाबादी शेळीच्या या प्रदेशात जत्रा, कंदुरी किंवा घरचा कार्यक्रम असला, की बोकड उघड्यावर कापला जातो. ज्या काळजात किंवा फोफशात पाण्याचे फोड दिसतात ते माणसाने खाण्यायोग्य नाही म्हणून बाजूला टाकतात, आणि ते कुत्रे खाते. टाकण्याचा हेतू सावधगिरीचा असतो. परिणाम नेमका उलटा होतो. कारण तो फोड माणसाच्या पोटात गेल्याने हायडॅटिड होत नाही, कुत्र्याच्या पोटात गेल्याने मात्र सहा-सात आठवड्यांत हजारो जंत तयार होऊन अंडी पडू लागतात. असे अवयव खोल पुरावेत किंवा जाळावेत. कुत्र्याला द्यायचेच असतील तर अर्धा ते पाऊण तास उकळून द्यावेत.

आइसलँड या देशात एकोणिसाव्या शतकात हायडॅटिडचे प्रमाण फार मोठे होते. हाराल्ड क्राब्बे या डॅनिश संशोधकाने १८६३-६४ मध्ये तेथील कुत्र्यांचा अभ्यास केला, त्यानंतर सोप्या भाषेतील पुस्तिका घरोघर वाटण्यात आली आणि कच्चे अवयव कुत्र्यांना न देण्याची शिस्त लागली. काही दशकांत तो देश या रोगातून मुक्त झाला. त्या वेळी आजची परिणामकारक औषधे उपलब्ध नव्हती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

प्रतिबंध

शी रोजच्या रोज उचलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ती शेणखताच्या उकिरड्यात किंवा परसातील भाजीच्या वाफ्यात टाकू नये. टॉक्सोकॅराच्या अंड्यांवर फिनाईलचा उपयोग होत नाही. फरशी घासून उकळते पाणी ओतल्यास ती मरतात, मातीच्या अंगणात मात्र ती वर्षानुवर्षे राहतात. कुत्र्याची बसण्याची जागा कोरडी व उन्हाची असावी. औषध दिल्यानंतर दोन दिवस कुत्रे बांधून ठेवून त्याची शी पुरावी, कारण मेलेल्या जंतांबरोबर जिवंत अंडीही बाहेर पडतात.

पिसवांचा बंदोबस्त न करता पट्टकृमीची गोळी दिल्यास महिनाभरात खंड पुन्हा दिसू लागतात आणि दोष औषधाला दिला जातो. अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. घरातील सर्व कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी पिसूनाशकाचा उपचार करावा. आखाड्यावरील किंवा मेंढ्यांच्या कळपाबरोबरच्या ज्या कुत्र्यांना कच्चे अवयव खाण्यापासून रोखता येत नाही, त्यांना प्राझिक्वांटेल दर सहा आठवड्यांनी देण्याची शिफारस केली जाते.

जंतांचे औषध लसीकरणापूर्वी काही दिवस द्यावे, असा प्रघात आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांत शासकीय व जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतून सल्ला मिळतो. लातूर जिल्ह्यात उदगीर येथे महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच विद्यापीठाचे दुसरे महाविद्यालय शेजारच्या परभणीत आहे. दवाखान्यात जाताना पिल्लाचे वय, वजन, आधी दिलेल्या औषधाचे नाव व तारीख लिहून न्यावी आणि कुत्री गाभण अथवा दूध पाजत असल्यास तसे आधी सांगावे.